संदर्भ हवा

ज्यांचं नाव, गाव, वय, चेहरा यांतलं काहीच मला ठाऊक नाही, अशा माणसांचा मी ऋणी आहे. आमच्या मुळशीत ऋण नेहमी नावानिशी असतं. भाताच्या आवणीला माणसं सावडीनं येतात. आज आपल्या खाचरात चौघं राबले, तर त्या चौघांच्या खाचरात आपण एकेक दिवस भरायचा. हा हिशेब घरातल्या पोरांनाही पाठ असतो. मराठी विकिपीडियावर ज्यांनी माझ्यासाठी राबून ठेवलं, त्यांचा बांध मला सापडत नाही. त्यांच्याकडं दिवस भरायला जावं तरी कुठं? म्हणून हे लिहितोय.

माझं माणमध्ये झेरॉक्सचं दुकान आहे. हिंजवडीला लागूनच आमचं गाव. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या हद्दीत आला, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा डेपोही इथंच झाला. सकाळी दुकानात भाडेकरार आणि आधारच्या प्रती घेऊन आयटीतली परगावची मुलं येतात, दुपारी सातबारा, आठ-अ, फेरफार घेऊन गावातली म्हातारी माणसं. शाळा सुटली की प्रकल्पवहीवाली पोरं. या पोरांमुळंच मी या वाटेला लागलो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘ज्वालामुखी’ हवा असला, तर दोन मिनिटांत चित्रांसकट चार पानं निघायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर काउंटरशी उभं राहून विचारायचं, “काका, मराठीत आहे का?” त्या काळात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच होतं. मराठी मजकूर असला तरी तो एखाद्या खास फॉन्टमध्ये असायचा. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. नाहीतर पुस्तकाची पुसट स्कॅन केलेली पानं मिळायची. पोरगं हिरमुसून जायचं. शेजारच्या मुलाची चार पानं तेवढ्यात स्टेपल होऊन त्याच्या दप्तरात गेलेली असायची. हा फरक पैशाचा नव्हता, दोघंही पानामागे तेवढेच पैसे द्यायचे. एकाच्या भाषेत कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं, दुसऱ्याच्या भाषेत नव्हतं.

मग एका मुलीला सेनापती बापटांवर प्रकल्प हवा होता. मुळशीच्या मुलीला बापट हवेच. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातले मावळे उठले आणि पांडुरंग महादेव बापट पुढं त्याच लढ्यानं ‘सेनापती’ झाले. आमच्या तालुक्याची ही गोष्ट जगाच्या धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात फार वर आहे. राजेंद्र व्होरांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पण प्रकल्पासाठी, दहा रुपयांत, संध्याकाळी सहा वाजता ते पुस्तक माणमध्ये कुठून आणायचं? मराठी विकिपीडियावर बापटांचं पान निघालं. साधंच होतं, पण जन्म, शिक्षण, इंग्लंड, मुळशी, तुरुंग, सगळं सरळ मराठीत. मी ते छापून मुलीच्या हातात दिलं. पान मात्र बंद केलं नाही. वर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं होतं, त्यावर टिचकी मारली.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागं असा इतिहास असतो. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणतं अक्षर बदललं याची पक्की नोंद. त्या यादीत टोपणनावं होती. एकानं मध्यरात्रीनंतर एक तारीख दुरुस्त केली होती. दुसऱ्यानं वेलांट्या सुधारल्या होत्या. तिसऱ्यानं फक्त एक स्वल्पविराम काढला होता. त्या स्वल्पविरामापाशी मी बराच वेळ थांबलो. कुणाला तरी, कुठल्याशा घरात, पैसे मिळणार नसताना, नाव छापून येणार नसताना, आमच्या मुळशीच्या सेनापतीच्या पानावरचा स्वल्पविराम खटकला होता, आणि त्यानं तो काढला होता.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तेव्हा संगणकावर देवनागरी लिहिणं म्हणजे काय दिव्य होतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारावं. लग्नपत्रिका आणि अर्ज आम्ही श्रीलिपीत करायचो. दिसायला सुरेख, पण ते अक्षर त्या फॉन्टबाहेर जगत नसे. युनिकोडचं नाव ऐकलेला माणूस गावात नव्हता. त्या दिवसांत काही माणसांनी बसून संपादनाच्या पानांचं मराठीकरण केलं, टंकलेखनाचे तक्ते बनवले, नवख्यांसाठी साहाय्याची पानं लिहिली. मी युनिकोडमध्ये लिहायला कुठल्या क्लासात शिकलो नाही. त्या साहाय्याच्या पानांवर शिकलो. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र कसा काढायचा, हे तिथं एकानं दुसऱ्या कुणालातरी समजावून सांगितलेलं मी वाचलं. आज दुकानात मी जे जे मराठीत टाइप करतो, ग्रामसभेच्या ठरावापासून दहाव्याच्या पत्रिकेपर्यंत, त्यातला प्रत्येक ‘ऱ्या’ त्या माणसाचा आहे.

पहिल्यांदा खातं उघडलं तेव्हा माझ्या चर्चापानावर एका जुन्या सदस्याचा निरोप आला. ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे. लिहून पाहण्यासाठी धूळपाटी आहे, काही विचारायचं असल्यास चावडीवर यावं.’ धूळपाटी, चावडी. आपोआप काम करणाऱ्या प्रणालीला तिथं सांगकाम्या म्हणतात. ज्यांनी ही नावं निवडली त्यांनी परकेपणा दारातच उतरवून ठेवला होता. चावडीवर जायला मला कुणाची परवानगी कशाला लागेल? या सदस्याला मी पुढं मनात ‘गुरुजी’ म्हणायला लागलो. ते शिक्षक होते की आणखी कुणी, पुरुष की बाई, हेही मला माहीत नाही. भाषेवरून वय जास्त वाटायचं. आम्ही एकमेकांना कायम ‘आपण’ म्हणत होतो.

मी माणच्या पानापासून सुरुवात करायची ठरवली. आपलं गाव शोधायला जावं, तर आधी साताऱ्याचं माण पुढं यायचं. दहिवडीचा तो तालुका, ती माणगंगा, तो दुष्काळी माणदेश. त्याची कीर्ती मोठी आहे आणि साहित्यातही त्याला मानाची जागा आहे. पण भाताच्या खाचरांचं आमचं माण वेगळं. गुरुजींनी दोन्ही पानं वेगळी कशी ओळखू येतील, हे करून दाखवलं. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांची पानं तेव्हा बरीचशी एका साच्यातली होती. २०११ च्या जनगणनेतले आकडे, शाळा आहे की नाही, गटारं उघडी की झाकलेली, बससेवा, वीज, जमिनीचा वापर. काही जण अशा पानांना नावं ठेवतात. मला तसं वाटत नाही. ज्या गावाबद्दल कुठल्याच पुस्तकात ओळ नाही, त्याच्या नावानं निदान एक उतारा झाला, आणि पुढचं लिहायला जागा मोकळी झाली. रिकाम्या शेताला आधी बांध तर घालावा लागतोच.

त्या जागेत काय लिहायचं, हे मला पक्कं माहीत होतं. ते सगळं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यात होतं. तिसऱ्या टप्प्यातल्या काचेच्या इमारतींकडं बोट दाखवून ते सांगायचे, तिथं कुणाचं खाचर होतं, कुठला ओढा कुठून वळायचा, पावसाळ्यात बैलगाडी कुठल्या पाणंदीनं जायची, कोणत्या टेपाडावर नाचणी व्हायची. प्रत्येक तुकड्याला नाव होतं. एकत्रीकरणात सर्वे नंबरांचे गट नंबर झाले आणि ही नावं कागदावर कधी चढलीच नाहीत. जमिनी गेल्यावर ती बोलण्यातूनही जायला लागली. मी एका रात्री बसून धूळपाटीवर त्यातली बरीच नावं लिहिली आणि गुरुजींना पाहायला सांगितलं.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मजकूर फार मोलाचा आहे, असं त्यांनी आधी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की ज्ञानकोशात छापील, तपासता येईल असा आधार लागतो, आणि घरातल्या आठवणी तिथं तशाच चालत नाहीत. जुन्या मुंबई इलाख्याचं गॅझेटियर पाहा, पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत आहे, १८८५ चा, त्यात मुळशीच्या वाटा आणि ओढे मिळतील. आणि शेवटी हे होतं: ‘वडिलांकडून हे सर्व आधी वहीत उतरवून घ्या. विकिपीडिया थांबेल.’

या एका ओळीचं ऋण माझ्यावर सगळ्यात मोठं आहे.

तेव्हा मला नकार लागला होता, हे खरं. पण मी वही घेतली. लांब, दोनशे पानी, दुकानातलीच. संध्याकाळी शटर ओढलं की घरी जाऊन अण्णांशेजारी बसायचो. ते बोलायचे, मी लिहायचो. गुरुजींनी सांगितलेली रीत मी पाळली: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. अण्णांना हा ऐकीव-पाहिलेला भेद आधी चमत्कारिक वाटायचा, मग त्यांनाच त्याची गोडी लागली. “हे माझ्या आज्यानं सांगितलेलं, लिही तसं,” असं ते आपणहून म्हणायला लागले. राब कसा भाजायचा, तरवा किती दिवसांचा झाला की उपटायचा, आंबेमोहोराचा वास कोणत्या खाचरात जास्त उतरायचा, म्हातोबाच्या बगाडाला हिंजवडीहून वाकडला जाताना कोण कुठं असायचं, हेही मग नावांच्या मागून आलं. वही भरली, दुसरी निम्मी झाली. अण्णा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. विकिपीडियानं त्या रात्री माझा मजकूर तसाच घेतला असता, तर मी ती वही केली नसती. दहा-बारा नावांवर समाधान मानून मोकळा झालो असतो. ज्यानं मला नाही म्हटलं, त्याच्यामुळं माझे वडील अक्षरांत राहिले.

गॅझेटियरच्या शोधात मी पुण्याला जायला लागलो. माणहून पीएमपीच्या बसनं मनपाला उतरायचं आणि चालत पेठेतल्या ग्रंथालयात. तिथं कपाटात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ ओळीनं उभा होता. २३ खंड. श्रीधर व्यंकटेश केतकर हे नाव शाळेत ऐकलेलं, पण ते खंड डोळ्यांनी पाहिल्यावर छातीवर दडपण येतं. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस १९१६ साली नागपुरात ज्ञानकोशासाठी मंडळी काढतो, समभाग विकत, वर्गणीदार गोळा करत हिंडतो, आणि सरकार पाठीशी नसताना १९२० च्या दशकात हे सगळं छापून पुरं करतो. त्या कष्टांची हकिकत त्यांनी स्वतः लिहिली, तिला ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हटलं. पुढं १९६० नंतर राज्य सरकारनं हे काम अंगावर घेतलं, वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला आणि त्याचा विसावा खंड २०१५ साली आला. मला दोन्हींबद्दल आदर आहे, पण मन ओढ घेतं केतकरांकडं. त्यांच्या कामात विकिपीडियासारखीच लोकांच्या दारात उभं राहण्याची गोष्ट आहे.

केतकरांवरून मी त्यांच्या पत्नीपर्यंत गेलो. एडिथ कोहन या जर्मन ज्यू घराण्यातल्या. त्यांची ओळख लंडनला झाली, १९२० मध्ये लग्न झालं आणि त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तो त्यांनीच. कलकत्ता विद्यापीठानं १९२७ मध्ये छापलेल्या पहिल्या खंडावर अनुवादक म्हणून मिसेस एस. केतकर आहेत, आणि दुसऱ्या खंडावर त्यांच्या जोडीला त्यांच्या माहेरच्याच आडनावाच्या मिस एच. कोहन. जगात कुणी विंटरनिट्झ यांचे हे खंड इंग्रजीतून वाचतो, तो बहुधा या पुण्यातल्या बाईंच्या हातून वाचतो. पुढं त्यांनी मराठीत ‘मीच हे सांगितले पाहिजे’ लिहिलं. ज्ञानकोशाच्या घरातली ओढाताण, देणी, पतीची अपुरी राहिलेली स्वप्नं, सगळं त्या बाईंनी सोसलं.

ज्यूंविषयी वाचताना आपल्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींवरून मी पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेवर, यिडिशवर आलो. तिचाही विकिपीडिया आहे, २००४ पासून. उजवीकडून डावीकडं लिहिलेला, पंधरा हजारांच्या आसपास लेखांचा. मला त्यातलं एक अक्षर येत नाही. पण त्या पानांचाही इतिहास उघडता येतो, आणि तिथंही तसंच दिसतं: टोपणनाव, तारीख, वेळ, एखादं अक्षर बदललेलं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी यिडिश बोलणारे एक कोटीहून जास्त होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेकांची बोली हीच होती. आज ती मुख्यतः न्यूयॉर्क, इस्राएल, अँटवर्प इथल्या हसिदी घरांत बोलली जाते, आणि त्यातल्या अनेक समाजांत इंटरनेटवरच बंधनं आहेत. तिला स्वतःचं राज्य नाही. तरी लिहिणारे आहेत. त्यांच्याआधीही होते. १९३० मध्ये बर्लिनमध्ये इतिहासकार सायमन दुब्नोव यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त यिडिशमध्ये सर्वसामान्य ज्ञानकोश करायचं ठरलं. हिटलर आला, संपादक पॅरिसला गेले आणि तिथं खंड छापायला लागले. पॅरिस पडलं, ते न्यूयॉर्कला गेले. दुब्नोव यांना १९४१ मध्ये रिगात मारण्यात आलं. वाचणारे लाखांनी मारले जात होते आणि हे लोक पुढचा खंड जुळवत होते. बारावा आणि शेवटचा खंड १९६६ साली निघाला. सुरुवातीला तो कोश जगाचं ज्ञान यिडिश वाचकाला द्यायला निघाला होता. पुढच्या खंडांत तो त्या वाचकाचंच जग नोंदवून ठेवू लागला.

हे वाचलं आणि मला अण्णांची वही वेगळी दिसायला लागली. माझ्या गावावर तसं काही कोसळलेलं नाही, ती तुलना मी करणार नाही. पण वाचणारा राहील की नाही याचा हिशेब न करता नोंद करणं म्हणजे काय, हे मला त्या माणसांनी शिकवलं, ज्यांची लिपी मला वाचता येत नाही. मराठी मातृभाषा सांगणारे आपण २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होतो, आणि आपल्या विकिपीडियावरचे लेख लाखाच्या आसपास. आपल्यातले फार थोडे लोक सतत लिहितात. आठ कोटींच्या मानानं हे काम अपुरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण जे झालंय ते त्या थोड्यांच्या हातून झालंय, आणि माझ्या काउंटरशी उभ्या पोरांना ते पुरून उरलंय.

गुरुजींच्या खात्यावरून आता बदल होत नाहीत. मी त्यांच्या चर्चापानावर दोनदा लिहिलं, दिवाळीला आणि वही पुरी झाल्यावर. उत्तर नाही. त्यांनी सुरू केलेल्या पानांवर मी लक्ष ठेवतो, कुणी खोडसाळपणा केला तर उलटवतो. नव्यानं खातं उघडणाऱ्यांना स्वागताचा निरोप टाकतो, तोच, धूळपाटी आणि चावडीचा.

वहीचं काय करायचं, याचीही वाट मुळशीतच सापडली. ग्वी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आमच्या तालुक्यातल्या बायांच्या आहेत. लाखाहून जास्त ओव्या, गाणारीच्या नावासकट, गावासकट, आणि आता त्यातल्या काही ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. जात्यावर बसलेल्या बाईचा शब्द आधार म्हणून देता येतो, तो असा, आधी नीट नोंदवला आणि प्रसिद्ध केला म्हणून. त्याच रीतीनं मी अण्णांची वही टाइप करतोय. आधी ती छापायची, विकिपीडियाचं नंतर बघू.

टाइप केलेली पानं रोज रात्री आईला वाचून दाखवतो. परवा तिनं मध्येच थांबवलं. डेपोच्या बाजूच्या एका तुकड्याचं नाव अण्णांनी चुकीचं सांगितलं म्हणाली, ते त्यांच्या भावकीतलं नाव, बायका आवणीला जायच्या तेव्हा त्याला दुसरंच म्हणायच्या. मग दोघांत खरं कोण, यावर आमचा बराच वाद झाला. दोन आधार जुळले नाहीत तर दोन्ही द्यावेत, कुणाचा कोणता ते सांगून, असं गुरुजींनी एकदा लिहिलं होतं. मी दोन्ही नावं टाइप केली. एकापुढं अण्णांचं नाव घातलं, दुसऱ्यापुढं आईचं. तिनं ते चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “आता खालच्या ओढ्याचं वाच. तेपण त्यांना नीट ठाऊक नव्हतं.”